चार मिनिटं

ओल्यांवच्या सार्डिन कारखान्यात
एर्मेलिंदानं अठ्ठावीस वर्षं डबे भरले.
लिस्बनहून एक पोरगेला दिग्दर्शक आला.
म्हणाला, टेबलाशी बसा,
चिठ्ठी येईल, ती वाचा. बस्स.

तिला वाचता येत नव्हतं.
हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

पडद्यावर चार मिनिटं
ती कागद उलटा धरते, सुलटा करते,
अंगठ्यानं ओळी चाचपते,
घडी घालून पिठाच्या डब्याखाली सारते
आणि मासे निवडायला घेते.

परक्या देशातल्या परीक्षकांनी लिहिलं,
दुःखाचा असा संयम पाहिला नव्हता.
भाचीनं कात्रण मोठ्यानं वाचलं
तेव्हा एर्मेलिंदा ठसका लागेपर्यंत हसली.
पोरगा मेल्याची चिठ्ठी होती होय?
मला वाटलं, विजेचं बिल.

साठीनंतर ती रात्रशाळेत गेली.
त्या हिवाळ्यात मच्छीमारांच्या हॉलमध्ये
चित्रपट पुन्हा लागला.
कागद क्षणभर कॅमेऱ्याकडे वळला,
आणि तिनं वाचलं:
पाव दोन, सुतळी, टॉर्चचे सेल.

ती रडली. हुंदके देऊन.
शेजारच्या बाईनं तिचा हात धरला,
म्हणाली, खरंच गं,
पोटचा पोर तो.