पाण्याचा वार

बोर्ड रंगवणाऱ्यानं आडनाव विचारलं.
तोंडवळकर म्हटलं तर ब्रश थांबवून हसला,
‘दाताच्या डॉक्टरला लई फिट बसलंय की, मॅडम.’
मालवणात एवढी वर्षं
या आडनावाला कुणी हसलं नव्हतं.

निघताना सोलापूर म्हटलं की सगळे उन्हाचं बोलले.
पाण्याचं कुणीच नाही.
मागांचं तर नाहीच.

अशोक चौकापासून आत, दोन बोळ सोडून
गाळा मिळाला, भाडं कमी.
कमी का, ते दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कळलं:
भिंतीपलीकडं सोळा माग, टॉवेलचे.
ट्रेमधला आरसा, प्रोब, चिमटा
आपोआप कडेला सरकत यायचे,
जणू त्यांनाही परत जायचं होतं.

कॉलेजात शिकवलं नव्हतं
की खुर्चीला पाणी लागतं
आणि पाणी पाच दिवसांनी येतं, रात्री कधीतरी.
की ‘मिश्री सोडा’ म्हणण्याआधी
दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या नरसव्वाला
दुपारची भूक मारायला दुसरं काय द्यायचं
ते ठाऊक हवं.
की कडक भाकरी नावाची एक चीज असते.
मी पहिल्यांदा चावली तेव्हा माझीच दाढ कळवळली,
आणि इथली सत्तरीतली माणसं
शेंगाचटणी लावून ती कुरुमकुरुम संपवतात.
मग मी इथं आले कुणासाठी?

येमूलकाका आले ते ‘उपटून टाका’ म्हणत.
चाळीस वर्षं मागावर. कान गेलेले.
मास्कआडून विचारलं, कधीपासून दुखतंय?
ते माझ्या कपाळाकडं बघत बसले.
मोठ्यानं विचारलं. आणखी मोठ्यानं.
शेवटी त्यांनीच बोट उचलून
स्वतःच्या ओठांपुढून आडवं नेलं,
पडदा सरकवल्यासारखं.
मी मास्क खाली केला.
‘हां,’ म्हणाले, ‘आता ऐकू येतंय.’

शेडमध्ये कान कामाचे नसतात, ओठ बघायचे.
चार मागांपल्याडची शिवी कळते,
कुणाच्या पोरीचं ठरलं तेही.
ड्रिलचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही.
ज्याला सगळे घाबरतात ते बाहेरच राहिलं
आणि काका खुर्चीत चक्क झोपले,
तोंड उघडं ठेवून.

त्याच आठवड्यात आईचा फोन.
काचेच्या दारात उभी राहून बोलले.
खडखडाटात माझं मलाच ऐकू येत नव्हतं:
‘हो, छान चाललंय. हो, असतात पेशंट.’
मग आणखी हळू,
‘दिवाळीपर्यंत बघते. नाहीतर येते परत.’
रस्त्यापलीकडं चहाच्या गाड्यापाशी
काका कप धरून उभे.
कप तोंडाशी, नजर माझ्या तोंडावर.

दुसऱ्या दिवशी त्याबद्दल अक्षर नाही.
दाढ भरून घेतली, नोटा मोजून ठेवल्या.
त्यांच्यामागून शेडमधले दोघे आत आले.
एकाला तर काही दुखतही नव्हतं,
‘म्हातारा म्हणला, बघून घ्या म्हणून.’
बघितलं. मागच्या दाढेत
सुताएवढी कीड निघाली खरी.

दार ओढताना काका वळले,
आवाज न काढता ओठ हलवले.
मला कुठलं वाचता यायला!
मान हलवली. त्यांनी पुन्हा हलवले, सावकाश,
पोराला मुळाक्षरं शिकवावीत तसे.
ओठ मिटून उघडले.
मग थोडं थांबून
गोल झाले.

पाणी.
रात्री दोन.

गाळ्यातच सतरंजी टाकली, गजर लावला.
दोनला नळ आधी नुसता फुसफुसला,
मग खाकरला, मग गढूळ, मग बरं.
माग बंद होते. इतकी शांतता
इथं आल्यापासून पहिल्यांदाच.
पिंप भरेपर्यंत ट्रेमधला बोटभर आरसा उचलला
आणि ‘दिवाळीपर्यंत’ असं
आवाज न काढता म्हणून बघितलं.
ओठ एकदाच मिटले, ‘प’ला.
बाकी काहीच वाचता आलं नाही.

पिंप भरलं.
नळी उचलून बादलीत टाकली.