सांध्याची जागा

सातपूरच्या कंपनीचं पत्र आलं
आणि तिसऱ्याच ओळीत हा शब्द.
केवढा लांब, भाऊ म्हणाले,
एवढ्या पत्र्यात एक गडू निघाला असता.

तांबट आळीत दुपारी बोलायचं
म्हणजे दोन ठोक्यांच्या मधे बोलायचं.
मी म्हटलं, तोडून सांगते.
अन्. फॉर्. च्यु. नेट्. ली.
त्यांनी खरवईवर पाच घाव घातले,
दुसरा जोरात, बाकीचे हलके.
हे कसं कळलं त्यांना?
खैरनार मॅडमना तेवढंच शिकवायला
अख्खा तास लागला होता.

मग दुसरी तोड, अर्थाची.
पुढचं अन् म्हणजे नाही.
मधे फॉर्च्युन, नशीब.
त्याला एट चिकटवलं की नशीबवान.
आणि ली आपल्या 'ने'सारखं,
कुणाच्याही शेपटाला लागणारं.

म्हणजे मघाशी आपण
नशीबच मधोमध तोडलं?
हो भाऊ. फॉर् इकडे, च्यु तिकडे.
ठोके पडतात एकीकडे,
सांधे असतात भलतीकडे.

फॉर्च्युनच्या शेवटी एक ई असतो,
तो या शब्दात कुठेच सापडत नाही.
जोड द्यायची तर कड घासावी लागते, ते म्हणाले,
कीस कोण मोजतंय.

पत्राच्या पाठीवर मी आपलाही शब्द लिहिला.
दुर्दैवाने.
यातला दुर् सोडवायला गेले
तर र् आधीच उडी मारून
दैवाच्या डोक्यावर बसलेला.
काही केल्या उतरेना.
त्यापेक्षा इंग्रजीतला बरा,
सरळ दारात उभा असतो.

मग काढून टाक की तेवढा, भाऊ म्हणाले.
मी अन् वर अंगठा ठेवला
आणि उरलेलं मराठीत वाचून दाखवलं:
सुदैवाने, आम्ही आपणांस
या पदावर घेऊ शकत नाही.

भाऊ इतके हसले
की समोरचा रज्जाक कल्हईवाला उठून आला.
त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं,
पाच ठोक्यांसकट.

संध्याकाळी रामकुंडाकडे धाडायचे
अकरा गडू मोजून पोत्यात भरले.
एकाच्या बुडाशी
मठारलेलं जरा निराळं दिसलं.
एक हलका, एक खोल, तीन हलके.
भाऊंना काही विचारलं नाही.
ठेवून घ्यावा असं मनात आलं होतं,
पण घातला इतरांबरोबर.
परगावचं कोणीतरी
त्यातून गंगा भरून नेईल.