घेवडा

स्लावेयला जाऊन चाळीस दिवस झाले.
दफनभूमीच्या उतारावर बर्फ अर्धं वितळलेलं,
पाद्र्यानं मातीवर वाइन ओतली,
देसानं उकडलेले गहू कागदी पेल्यांतून वाटले,
आणि त्याच्या थोरल्या भावानं, आमच्याकडे करतात तसं,
एक सिगारेट पेटवून थडग्याच्या मातीत उभी रोवली.
त्याच्यासाठी.

वारा होता. ती विझायला लागली.
सगळे माझ्याकडे बघत होते, निदान मला तसं वाटलं.
बावीस वर्षं एका डेपोत आम्ही
एकाच काडीवर दोघांच्या पेटवल्या होत्या.
मी वाकलो. म्हटलं, एक झुरका,
तिला जिवंत ठेवण्यापुरता.
हा माझा नव्हेच.

खोटं कसं सोवळं नेसून येतं बघा.

मग परतताना पेट्रोल पंपावर घेतलेलं पाकीट,
ते कुणासाठी होतं?
त्यातल्या अकरा कुणी ओढल्या
बसच्या मागे, टायर तपासतोय असं दाखवत?

घरी ओट्यावर बरणी आहे.
नोव्हेंबरात स्लावेयच्या फुप्फुसाचा फोटो पाहिला,
त्या रात्रीपासून रोज तिच्यात एक पांढरा दाणा टाकतो,
आमच्या खोऱ्यातल्या घेवड्याचा,
अंगठ्याच्या पेराएवढा, गुळगुळीत.
एकशे बारा होते.

मी बरणी उचलून कचऱ्याच्या बादलीवर तिरपी धरली.
पहिले पाढे पंचावन्न, म्हणालो.
रुमेना बटाटे सोलत होती. मान वर न करता:
"किती ओढल्यास?"
"अकरा."
"आणि ते एकशे बारा दिवस काय शेजाऱ्यानं काढले?"

नऊ उरल्या होत्या. नळाखाली धरल्या.
पाणी चहासारखं झालं
आणि मोरीतून आईच्या हातांचा वास आला.
पहाटे तीनपासून ती तंबाखूची पानं ओवायची,
वीतभर लांब सुई, बोटं चिकानं काळी.
तिनं मोडून दिलेला पाव कडू लागायचा;
लहानपणी मला वाटे, पावाची चवच तशी.
ती स्वतः कधीच ओढत नसे.
वारा आला की आढ्याला टांगलेल्या माळा खुसखुसायच्या,
त्यांच्याखालीच माझा पाळणा.

नवा ड्रायव्हर होतो तेव्हाची गोष्ट.
चेपेलारेच्या अलीकडे, धुक्यात, एक वळण चुकलं,
सदतीस माणसं घेऊन मी लाकूडतोड्यांच्या रस्त्याला लागलो.
शिव्या पुष्कळ खाल्ल्या.
पण कुणी असं नाही म्हणालं, की
गाडी परत स्मोल्यानला ने, नव्यानं तिकिटं फाड.
एक म्हातारी कोंबडीची टोपली शेजारणीच्या मांडीवर ठेवून उतरली,
मागच्या चाकाशी उभी राहिली आणि ओरडू लागली:
ये, ये, अजून ये, थांब! दरी आहे, गाढवा! हं, ये.
फाट्यापर्यंत मी रिव्हर्समध्ये आलो, बोटबोटभर.
प्लोव्दिवला पंचेचाळीस मिनिटं उशिरा पोचलो.
पण पोचलो प्लोव्दिवलाच.

रुमेनानं डब्यात हात घालून एक दाणा काढला,
जांभळा, काळ्या रेघांचा.
तोही आमच्याच खोऱ्यातला, त्याच वेलावरचा वाटावा असा.
"हा आजचा," म्हणाली. "टाक, आणि जेवायला बस."

आता पांढरे एकशे सोळा.
जांभळा तळाकडे सरकलाय, दिसायला बरणी हलवावी लागते.
कधीकधी हलवतो.

तलफ सकाळी आठला येते, बरोबर बोगद्यानंतर.
स्लावेयसारखीच, दार न वाजवता.
मी सूर्यफुलाच्या बिया फोडत बसतो,
टरफलं सीटखाली साचतात,
डेपोतला झाडूवाला येन्यो माझ्या नावानं शंख करतो.

करू दे.