मतभेद असल्यास

शारजाची बस सव्वासहाला सुटते. पायात चपला,
पिशवीत बूट, बायोडेटाच्या अकरा प्रती
आणि खैरुन फुफीने कागदात गुंडाळलेली घावणं.
ती मेट्रोत खायची नाहीत, दंड आहे.
वकिलीची पोर मी, आणि कायदा मला फुफी सांगते.

साठ दिवसांचा व्हिसा. बावीस संपले.
रत्नागिरीत सर म्हणाले होते,
कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटात शिकायला मिळतं,
कोर्टात नुसतं थांबायला.
इथेही मी थांबतेच,
फक्त गार हवेत, सोफ्यावर.

सिमेंटवाले म्हणाले, मेल करा.
जहाजवाले म्हणाले, मेल केली होती का?
तेराव्या मजल्यावर वकीलबाई रजेवर होत्या,
त्यांच्या निवडुंगाला पाणी घालायला मात्र माणूस होता.
खालचा नेपाळी गार्ड, लोकबहादूर, आता बिल्ला देताना
नाव विचारत नाही. आज कितवा मजला, एवढंच.

नववी कंपनी कामगारांना जेवण पुरवणारी.
रीमाबाई, बैरूतच्या, वर न बघता
एक करारनामा पुढे सरकवतात.
वाच. चूक शोध.
डावीकडे इंग्रजी, उजवीकडे अरबी,
मधोमध बारीक उभी रेघ.

ती रेघ मी ओळखते.
अब्बा सुट्टीवर आले की बॅगेच्या तळाशी असायची.
उजवीकडे काय लिहिलंय, अब्बा?
डावीकडे आहे तेच.
आणि डावीकडे?
उजवीकडे आहे तेच.

उजवी बाजू ते खणखणीत वाचून दाखवायचे,
मदरशात घोटलेला एकेक उच्चार जागच्या जागी,
अर्थ एकाचाही ठाऊक नाही.
मी टाळ्या वाजवायचे.

इंग्रजीत नोटीस नव्वद दिवसांची.
अरबी मला येत नाही, आकडे येतात,
नोटांवर असतात ते. इथे तीस होता.
आणि शेवटचं कलम, मुंगीएवढ्या अक्षरात:
मतभेद असल्यास अरबी मजकूर ग्राह्य.
मी बोट ठेवलं. ते थोडं थरथरलं,
पण हललं नाही.

सहा आठवडे, रीमाबाई म्हणाल्या. पगार नाही. जेवण आहे.
माझ्याकडे अडतीस दिवस.
पाच, मी म्हटलं.
आयुष्यातली पहिली घासाघीस, तीही स्वतःचं कमी करून घ्यायला.

रविवारी अब्बा अजमानहून आले. इस्त्रीचा शर्ट,
पत्र दोन्ही हातांत.
उजवी बाजू वाचली, मोठ्याने, कुठेही न अडखळता.
अरबी कानावर पडताच फुफीने सवयीने
डोक्यावर ओढणी घेतली
आणि जेवणाच्या वेळेचं कलम संपेपर्यंत
काढली नाही.

मग खिशातलं पेन काढून अब्बा म्हणाले,
साक्षीदाराची सही कुठे?
यात साक्षीदार नसतो, अब्बा.

त्यांनी पान उलटून पाहिलं, मागे कोरं होतं.
पेनाचं टोपण बराच वेळ
दुसऱ्या हातात राहिलं.