दोन सुयांमधला तास

पहिली सुई फ्रिजमध्ये असते,
ताकाच्या पिशवीशेजारी.
औषध गार असलं की कमी चुणचुणतं
हे मला तितरमारे मॅडमनी सांगितलं,
त्यांना कुत्र्यांनी.

धंतोलीची गल्ली, मे महिना.
सकाळी कुलरच्या वाळ्यावर मारलेलं पाणी
अकरालाच उडून गेलंय.
टेबलावर बुंदी.
उजव्या डोळ्यात मांजरीच्या नखाची जखम,
इतकी खोल
की आतलं पाणी आता
कांद्याच्या पापुद्र्याएवढ्या पडद्यानं थोपवून धरलंय.

"एक उबळ," मॅडम म्हणतात,
"एकच जोराची उबळ आली तर डोळा फुटेल."

म्हणून घाई नाही.
मानेची कातडी चिमटीत. पहिली सुई.
मग भिंतीवरचं घड्याळ.

कळमन्यात आंब्यांची गाडी तशीच सोडून आलेले ढोमणे विचारतात,
"दुसरी काऊन नाही देऊन टाकत लगेच?"
मी सांगते,
दुसरी अफूच्या कुळातली आहे, दादा.
दुखणं विझवते,
पण जाता जाता डोक्यातली ओकारीची घंटा वाजवून जाते.
पहिली आधी जाऊन
त्या घंटेला फडकं गुंडाळते.
गुंडाळायला तासभर लागतो.

ढोमणे मान हलवतात. बऱ्याच वेळानं,
पायातल्या चपलेकडे बघत:
"सहाला अर्धा टोस्ट देल्ला होता.
रातभर उपाशी. पाहे ना बाप्पा माह्याकडे."
मॅडम बोटांवर तास मोजतात.
त्याच्यावर रागवत नाहीत,
घड्याळावर रागावतात.

बारा वर्षांपूर्वी इथे लागले
तेव्हा माझं पहिलं काम बादली.
सुई टोचली की पुढ्यात कालचा पेपर अंथरायचा.
आधी जनावर ओठ चाटे,
मग लाळेची तार,
मग सगळं अंग कुणी मुठीत धरून पिळल्यासारखं.
"बरं झालं, पोट मोकळं झालं,"
असं म्हणायचो आम्ही.
कुत्रं मात्र मालकाकडे बघायचं,
आपलंच काहीतरी चुकलं अशा नजरेनं.
पेपर उचलला, फरशी फिनाइलनं पुसली,
नजर तिथेच.

माझी आई ऑपरेशनच्या आधी ओकली होती
आणि गुंगी चढेपर्यंत
नर्सबाईंची माफी मागत होती.
हे मी ढोमणेंना सांगितलं नाही.

लाईट गेली.
कुलर दोन फेरे घेऊन थांबला.
ढोमणे एक्स-रेच्या पाकिटानं बुंदीला वारा घालू लागले,
डोळ्याला लागू नये म्हणून पाठीकडून.

बारा वाजून दहा. दुसरी सुई.
आता कुणी बोलत नाही.
मी फक्त तिचे ओठ बघते.
पाच मिनिटं.
सात.

जीभ बाहेर आली.
एकदा फिरली ओठांवरून.
मॅडमचा हात हवेतच.
ढोमणेंचं पाकीट हवेतच.
माझ्या कपाळावरचा घामाचा थेंब
तिच्या नाकावर पडला होता,
तो तिनं चाटला, एवढंच.

मग डोकं जड होत होत
माझ्या कोपरावर आलं,
पिकलेल्या पपईसारखं.
श्वास लांब, संथ.
पेपर कोरडा. त्यावरचा
कालचा धान्यबाजार मी पूर्ण वाचू शकले.

डोळ्याचं पुढे काय, ते टाके सांगतील,
आणि पंधरा दिवस.
मॅडम आत गेल्या.
बादली टेबलाखालीच होती.
लाईट आली तेव्हा
तिच्यात पाणी भरून
मी कुलरमध्ये ओतलं.