पट्ट्याचं कुलूप

बास लोकांना पहिल्यांदा ऐकू आला
तो पडला तेव्हा.
कोथरूडचं सभागृह, तिसरं गाणं,
डाव्या खांद्यावरचं ओझं एकाएकी नाहीसं,
कडेवरचं मूल कुणी न विचारता उचलून न्यावं तसं,
आणि मग तो आवाज.
पहिल्या रांगेतले एक काका नंतर भेटून म्हणाले,
"शेवटी वाजवलंत ते छान होतं. आधीपासून का नाही वाजवलंत?"

मागच्या बटणापाशी टवका उडालाय, नखाएवढा.
ऑब्री अंकलना अजून सांगितलेलं नाही.
तीस वर्षं लग्नांत, क्लबांत, बाप्तिस्म्यांत हाच बास,
पट्ट्याच्या भोकावर बुटाची नाडी आवळून.
घरी आणल्यावर मी आधी ती नाडी कापली.
कळकट दिसत होती.

आता बोहरी आळी. साडेदहा.
लष्करातल्या दुकानातून संध्याकाळच्या बोलीवर आणलेली
तीन पाकिटं मुस्तनसिरभाईंच्या काचेवर ओतते.
बिजागऱ्या घ्यायला आलेले गृहस्थ
सरकून बासला जागा करून देतात.
"वजन?"
साडेचार किलो.
"नाचता काय?"
थोडं.

रबरी चकती, नळाच्या वॉशरची सख्खी बहीण,
ती ते बाजूला ठेवत नाहीत. गरिबाला चालते, म्हणतात.
प्लॅस्टिकची फिरकी दोन बोटांत दाबून
काही न बोलता माझ्या हातात परत.
स्टीलची मात्र कानाशी धरतात.
टक्.
आत दोन छर्रे असतात, पोस्ताच्या दाण्याहून जरा मोठे,
त्यांच्यावर टांगलेला माझा अख्खा शनिवार.
"बघा, कळ दगा देईल तरी ही वाटी धरून ठेवील.
पण नट सैल होतो. दर आठवड्याला बघायचं.
आळशी माणसानं नाडी बांधावी."

मग भोकात पेचकस घालून हलवतात,
आणि पेचकस हलतो.
"बाई, कुलूप काय करणार?
चौकटच सैल आहे."

दहा रुपयांचे लांब स्क्रू. घरच्याच काड्यापेटीतल्या काड्या,
गुल मोडून, फेव्हिकॉलमध्ये बुडवून.
रात्रभर सुकू द्यायचं. रात्रभर म्हणजे रात्रभर,
"पुण्यात सगळ्यांना नऊला निघायचं असतं."

बास पलंगावर पालथा.
पाठीतून काड्यांची टोकं वर आलेली.
फोन लावते. टवक्यापर्यंत सगळं सांगून टाकते.
पलीकडे ऑब्री अंकल बराच वेळ खोकतात.
"तिसरं गाणं?
माझा दुसऱ्यातच पडला होता. एक्याऐंशी साल.
नवरी हसली.
नाडी त्याच रात्री, नवऱ्याच्या धाकट्या भावाच्या बुटातली."

सकाळी स्क्रू घट्ट बसतो,
शेवटच्या दोन फेऱ्यांना मनगट दुखतं.
कळ लावते. टक्. ओढून बघते. परत ओढून बघते.

मग दाराशी जाऊन
उजव्या बुटाची नाडी काढून आणते.