खाली शे

धुळ्याच्या मुख्यालयात, शस्त्रागारामागं
पत्र्याची एक खोली आहे.
मे महिन्यात तिथं दुपारी दोनला
लोखंडच काय, माणूसही जरा फुगतो.

टेबलावर धोतर अंथरलेलं. पांढरं, विरलेलं,
तोताराम सपकाळे हवालदारांच्या घरचं.
दाराशी माठ. तो ते स्वतः भरायचे,
कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.
मी, रेहाना तडवी, यावलची,
नोकरीला अकरा दिवस झालेली.
"धोतराबाहेर हात नेऊ नको," एवढंच म्हणाले
आणि सही करायला बाहेर गेले.

स्प्रिंग उडाली.
कानाजवळून सूं करत गेली, पत्र्यावर ठण्ण वाजली
आणि मग कुठंच पडली नाही.
मी, झिपरू बारेला आणि कागद घेऊन आलेले भारंबे बाबू
गुडघ्यांवर रांगत राहिलो चार वाजेपर्यंत.
कपाटाखाली सापडली एक वाळलेली पाल,
शेंगांची टरफलं, खाकी बटण,
कुणाच्या तरी रजेचा अर्ज, नामंजूर.
स्प्रिंग सापडली झिपरूच्या डब्यात,
शेवभाजीच्या तर्रीत, अंग शेकत पडलेली.
हवालदार हसले नाहीत. पुसून, हुंगून म्हणाले,
"आता चोर आधी शिंकेल, मग पळेल."

मग मी तेलाची चूक केली.
मायेनं पाजलं, वेणीला चोपडावं तसं.
आठवडाभर वावटळी सुटल्या होत्या,
मैदानावरची माती दाराच्या फटीतून आत यायची.
सोमवारी स्लाइड ओढली तर
भाकरीत खडा लागावा तशी करकरली.
"काजळाएवढं," ते म्हणाले, "काजळाएवढं गं."
आणि सगळं पुन्हा सुटं केलं.

पिनचं सांगायचं राहिलंच.
पिस्तूल जोडून झालं, घोडा चालला, सगळं नीट,
आणि धोतरावर एक पिन उरली.
झिपरू म्हणाला, कंपनीनं वरकड दिली असेल,
भाजीवर कोथिंबीर देतात तशी.
आम्ही खूप हसलो.
"जास्तीनं काहीच नही ऱ्हास, भो,"
एवढं बोलून हवालदार खाली बसले,
आणि अंधार पडेपर्यंत उठले नाहीत.

ते निवृत्त झाले त्या दिवशी
पेढे वाटून झाल्यावर मला खोलीत बोलावलं.
भिंतीवरचं कॅलेंडर काढलं.
मागं भोक. करंगळी जाईल एवढं,
कडेचा चुना उडालेला, आत विटेचा लाल रंग.

चौऱ्याण्णव साल. मॅगझिन काढलेलं होतं,
गोळ्या मोजून डबीत टाकलेल्या होत्या.
सुखदेव समोरच्या स्टुलावर बसला होता,
पोरीच्या साखरपुड्याचं सांगत होता.
"खाली शे," मी म्हणालो.
तो पाणी प्यायला उठला.
तेव्हा माठ तिकडं होता, व्हरांड्याच्या टोकाला.

यापुढं ते बोलले नाहीत.
बराच वेळ माठाकडं बघत राहिले.
मग म्हणाले, "खाली शे म्हनाले तोंड पुरस, बहिन.
देखाले डोया लागतस."
कॅलेंडर परत टांगलं. ते तिरकं राहिलं,
त्यांनी दोनदा सरळ केलं.

आता धोतराच्या जागी माझ्या अम्मीची ओढणी आहे.
नवी पोरं येतात, साक्रीची, शिरपूरची,
बोटं चपळ, मोबाइलवर वाढलेली.
"खाली आहे मॅडम," म्हणतात.
मी म्हणते, दाखव.
दाखवतात. मी म्हणते, आता करंगळी घालून बघ.
ती एकमेकांकडं बघून हसतात, आणि बघतात.

दर जानेवारीत नवं कॅलेंडर आणते,
केळीच्या व्यापाऱ्यानं फुकट वाटलेलं. खिळा तोच.
त्यामागं काय आहे, कुणी विचारलेलं नाही अजून.
स्टूल मात्र मी त्या भिंतीपुढून हलवलंय,
आणि माठ
मीच भरते.